एक लाख तीन अखंड फरश्या

नगर परिषदेच्या बांधकाम विभागात एक दाखला आहे. त्यातला मजकूर असा:

"दाखला देण्यात येतो की सदर महिला, वय अंदाजे पंचेचाळीस, बांधा मध्यम, ओळखीची खूण दोन्ही गुडघ्यांवर घट्टे, व्यवसाय फरशी बसवणे (स्वतंत्र कंत्राटदार, वर्ग तीन), वर्तणूक समाधानकारक, हिने परिषदेच्या मुख्य चौकाचे काम ठरावातील अटींनुसार, विहित मुदतीत व काटकोनात पूर्ण केले आहे. सदर कामापासून तिला अथवा तिच्या कुटुंबातील कोणत्याही व्यक्तीला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष लाभ झालेला नाही."

यातलं बहुतेक सगळं खरं आहे. 'वर्तणूक समाधानकारक' याबद्दल तिच्या दिरांचं मत वेगळं पडेल, पण त्यांना कोणी विचारलेलं नाही.

कामावरची माणसं तिला गुण्यावहिनी म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. ती तिच्या पिशवीत कायम असे. कोणाकडे चहाला गेली तरी बसण्याआधी ती नजरेने खोलीचे कोपरे तपासून घेई. "छान आहे घर," असं म्हणाली तर कोपरे बरोबर आहेत असं समजायचं. "हवेशीर आहे," म्हणाली तर नाहीत.

तिचा नवरा फरशीवाला. वीस वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. कागदावर तो कंत्राटदार आणि ही मदतनीस. मदत अशी, की माल ती कालवायची, दोरी ती ताणायची, पातळी ती बघायची, फरशी ती बसवायची आणि सही तो करायचा. मग त्याचे गुडघे गेले. तो खुर्चीत बसला आणि घरात येणारं छापील असेल ते सगळं वाचू लागला: वर्तमानपत्र, औषधाच्या डबीतली घडी, गिझरची वॉरंटी. तेव्हा तिने स्वतःच्या नावाने अर्ज केला आणि पहिलंच काम मिळालं ते चौकाचं. अर्ज दोनच आले होते. मांडणीचा नकाशा महिनाअखेरपर्यंत मंजूर झाला नाही, तर काम दुसऱ्या अर्जदाराकडे जाणार होतं. दुसरे अर्जदार तिच्याच घरात, वरच्या खोलीत राहत. ते तिचे धाकटे दीर. त्यांच्याकडे स्वतःच्या मालकीचा काँक्रीट मिक्सर होता आणि पुष्कळ मतं होती. "सरळ काँक्रीट ओता, वर रेघा मारा," हे त्यातलं मुख्य मत. "लांबून कोणाला कळतंय?"

"जवळून कळतं, भाऊजी," ती म्हणे. "लोक चौकात जवळूनच चालतात."

चौकाचं प्रकरण असं होतं. त्या वर्षीच्या गणनेत गावाची वस्ती लाखाच्या पुढे गेली आणि गावाचं शहर झालं. या आनंदात परिषदेने ठराव केला: शहराच्या प्रत्येक नागरिकामागे एक, अशा एक लाख तीन फरश्यांचा आयताकृती चौक बांधावा. फरशी फूट बाय फूट. प्रत्येक ओळीत फरश्या सारख्या असाव्यात, कारण सर्व नागरिक समान आहेत. कोणतीही फरशी कापू नये, कारण नागरिकाचे तुकडे होत नाहीत. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. टाळ्या वाजवताना हात मोकळे नसतात, त्यामुळे भागाकार कोणी केला नाही.

आता, फरशीकामाचं खरं कसब कडेला असतं. मधल्या फरश्या कोणीही बसवील. भिंतीपाशी साडेतीन इंच जागा उरते, ती भरायला तुकडा कापायचा, आणि तो तुकडा कपाटामागे किंवा दाराआड जाईल अशी आखणी आधीपासून करायची, यात फरशीवाल्याची परीक्षा असते. कोणतीही खोली पूर्ण आकड्यात बसत नाही, हे गुण्यावहिनीला इतकं अंगवळणी पडलं होतं, की तिने जागा मोजली, पावणेचारशे फूट बाय दोनशे ऐंशी, आणि सवयीने तीनशे सत्तर बाय दोनशे सत्तरची मांडणी धरली. एकशे तीन फरश्या उरल्या. "त्या कडेला बघू," असं ती गड्यांना म्हणाली. दुपारचा चहा होईपर्यंत तिच्या लक्षात आलं, की या कामाला कडच नाही. कड म्हणजे कापाकापी, आणि कापाकापीला मनाई.

ती परिषदेच्या कचेरीत गेली. चौकाचं काम ज्यांच्याकडे होतं ते साहेब आकड्यांना घाबरत आणि कलमांवर प्रेम करत.

"साहेब, आकडा जरा पुढेमागे करता येईल का?"

"आकडा राजपत्रात आलाय, बाई."

"आला असेल. पण परवा आमच्या गल्लीतले एक म्हातारे गेले. शेजारणीला जुळं झालं. म्हणजे तेव्हाच एकाची भर पडली की नाही?"

"पडली असेल. पण पुढची गणना होईपर्यंत हे शहर एक लाख तीनच आहे. मधल्या काळात कोण जन्मतं, कोण मरतं, हा त्यांचा खासगी प्रश्न."

"बरं, मग चारशे बाय अडीचशे केला तर? तीनच उरतात. जागा कमी पडते म्हणा. तिकडे टाकीची भिंत आहे, ती पाडावी लागेल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "भिंतीचं नंतर बघू. कोणते तीन?"

"म्हणजे?"

"उरतात म्हणालात ना? शहरातले कोणते तीन नागरिक उरतात? मला सभागृहात उभं राहून सांगावं लागेल."

तो प्रश्न घेऊन ती घरी आली.

घरी सासूबाई मटार सोलत होत्या. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. निवृत्त शाळेतून, शिकवण्यातून नव्हे.

"किती म्हणालीस?"

"एक लाख तीन."

सासूबाईंचा हात शेंगेवर थांबला. पाहुणा ओळखीचा निघावा तसा त्यांचा चेहरा झाला. "हा फुटायचा नाही, सूनबाई."

"करून तरी बघा, आई."

"काय करायचंय? शेवटी तीन आहे, म्हणजे दोनने नाही आणि पाचने नाही. अंकांची बेरीज चार, म्हणजे तीनने नाही. सातने एक उरतो, अकराने दोन. अगं, मूळ संख्या आहे ही. एक आणि ती स्वतः, एवढे दोघे सोडले तर कोणीही भागू शकत नाही. सहा आकडी संख्यांचं दार उघडलं की पहिली मूळ संख्या हीच भेटते."

"मग आयत होणारच नाही?"

"होईल की. एकाच ओळीत एक लाख तीन. तीस किलोमीटर जाईल."

"पुढच्या गावाच्या हद्दीत शिरेल," नवरा खुर्चीतून म्हणाला. "त्यांचा ना हरकत दाखला लागेल."

गुण्यावहिनी हसली नाही. "माझ्या हाताखालून इतक्या फरश्या गेल्या," ती म्हणाली, "फुटत नाही अशी एक भेटली नाही. मी एक लाख दोनपर्यंत सगळ्यांनी भागून बघणार."

"पुढच्या गणनेपर्यंत बसशील. इकडे ये." सासूबाईंनी मटाराचे दाणे ताटलीत ओळीने मांडायला घेतले. "आयताला एक बाजू लहान असते ना?"

"असते."

"ती लहान बाजू जास्तीत जास्त किती? दोन्हीकडे तीनशे सतरा धर."

तिने गुणाकार केला. "एक लाख चारशे एकोणनव्वद. जास्त झाले."

"म्हणजे लहान बाजू तीनशे सोळाच्या आतच हवी. तिथपर्यंत कोणी सापडला नाही, तर पुढे शोधायचंच नाही. आता, सहा ओळी जमल्या, तर त्याच ओळी तीन-तीन करून एकापुढे एक लावल्यास दोन ओळी होतील की नाही? दोन तर जमत नाहीत. म्हणजे सहाला विचारायची गरज नाही. फक्त मूळ संख्यांना विचार. पासष्ट आहेत."

मागच्या अंगणाच्या भिंतीवर तिने खडूने पासष्ट घरं आखली. अर्थातच गुण्या लावून. नवऱ्याने फोनमधलं गणनयंत्र पुढे केलं.

"ते नको," ती म्हणाली. "ते पॉइंट देतं. पॉइंट एक चार दोन म्हणजे किती फरश्या? मला उरलेल्या फरश्या कळायला हव्यात."

कामावरून आली की ती हातपाय धुऊन भिंतीपुढे उभी राही. तेरा, बाकी सात. सतरा, बाकी नऊ. तेवीसपाशी बाकी बावीस आली, तेव्हा एकाच फरशीने हुकलं म्हणून तिने तेवीसला दोन शब्द सुनावले. दीर वरच्या कठड्यावर कोपरं टेकवून हा कार्यक्रम बघत.

"वहिनी, मिक्सर धुऊन ठेवू ना?"

"ठेवा. धुतलेला बरा असतो."

आणि मग एके संध्याकाळी ती ओरडली, "गेला! सत्त्याण्णवने गेला! सत्त्याण्णव ओळी, एकेकीत एक हजार एकतीस!"

नवरा विसरून खुर्चीतून उठला आणि गुडघ्यांनी आठवण करून दिल्यावर खाली बसला. वरती दिरांचा चेहरा सिमेंटच्या रंगाचा झाला. सत्त्याण्णव फूट रुंद आणि हजार फूट लांब चौक पावणेचारशे फुटांत कसा मावणार, हे त्या क्षणी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. फक्त सासूबाई चष्मा शोधत शांतपणे बाहेर आल्या.

"गुणून दाखव."

तिने गुणलं. उत्तर एक लाख सात आलं.

"चार नागरिक कुठून आणलेस?" सासूबाईंनी विचारलं.

वजाबाकीत त्र्याण्णवचे सत्त्याण्णव झाले होते, म्हणून बाकी उरलीच नव्हती. वरून खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता. गुण्यावहिनीचं तोंड उतरलं वगैरे काही झालं नाही. तिने ओला फडका मारला, सत्त्याण्णवच्या घरात ९३ लिहिलं आणि एकशे एक घेतला.

पासष्टावं घर तीनशे तेराचं. बाकी एकशे छप्पन्न. भिंतीवर शून्य कुठेही नव्हतं. "सिद्ध झालं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं, की जणू ती संख्या त्यांच्या माहेरची असावी. महिना संपायला थोडेच दिवस होते. दीर कोणालातरी फोनवर खडीचा भाव विचारत होते.

ती मात्र भिंतीसमोरून हलली नाही. सासूबाईंना तिथे पासष्ट नकार दिसत होते. हिला सवयीने पासष्ट मांडण्या दिसत होत्या, आणि प्रत्येकीशेजारी उरलेल्या फरश्यांचा ढीग. कुठे मोठा, कुठे लहान. सातपाशी एकच फरशी उरते, पण सात फूट रुंदीच्या चौकाला बोळ म्हणतात. ती बोट फिरवत खाली आली आणि दोनशे एकाहत्तरपाशी थांबली. भागाकार तीनशे एकोणसत्तर. बाकी चार.

दोनशे एकाहत्तर बाय तीनशे एकोणसत्तर. जागेत बसत होतं, शिवाय चारही बाजूंनी झाडं लावण्यापुरती माती मोकळी राहत होती. चौकासारखा दिसणारा चौक.

'कोणते चार?' साहेबांचा आवाज तिच्या कानात होताच. तिने मागे वळून बघितलं. खुर्चीत नवरा. दारात सासूबाई. कठड्यावर दीर.

"आपण," ती म्हणाली.

"आपण काय?"

"आपण चौघं उठायचं. मी, हे, आई आणि भाऊजी. आपल्या नावाच्या फरश्या चौकात नकोत."

नवरा एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच घाईने बोलला. "थांब थांब. कलम एकोणीस." कंत्राट त्याने तीनदा वाचलं होतं, गिझरच्या वॉरंटीपेक्षा त्याला ते बरं वाटलं होतं. "'कंत्राटदार अथवा कंत्राटदाराच्या कुटुंबातील कोणत्याही व्यक्तीस सदर कामापासून लाभ घेता येणार नाही.' अगं, आपल्या नावाची फरशी बसली तर तो लाभच की!"

सासूबाईंना हे पटलं नाही, पण वेगळ्या कारणाने. "नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव? शी. नऊने जातो, एक्केचाळीसने जातो. येणाऱ्याजाणाऱ्यापुढे वाकणारा आकडा."

"आई, तुमच्या आकड्याला कोण हात लावतंय? तो राजपत्रात आहे तसाच राहील. तो फुटत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत. म्हणून तर आपण उठायचं."

सासूबाईंनी विचार केला. "म्हणजे तो अखंड राहतो."

"अखंड."

"मग माझी सही घे. पण अर्जात 'मूळ संख्या' हा शब्द आला पाहिजे."

राहिले दीर. "मला धरू नका," ते वरूनच म्हणाले. "मी वेगळा राहतो."

त्यांचा हिशेब सरळ होता. ते वेगळे, तर कुटुंब तिघांचं. तिघं उठले तर एक फरशी उरते, मांडणी बसत नाही, महिना संपतो आणि मिक्सर चौकात येतो. गुण्यावहिनीने हे सगळं ओळखलं आणि वाद घातला नाही. "बरं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीर जेवायला खाली आले. ताटं तीन होती.

"वहिनी, माझं ताट?"

"वेगळं घर ना तुमचं? वेगळ्या घराची चूल वेगळी. उद्या परिषदेचा माणूस चौकशीला आला आणि तुम्ही इथे जेवताना दिसलात, तर मी काय सांगू? माझ्या घरातल्या माणसावर खोटेपणाचा आळ यायला नको. म्हणजे, घरातला नसलेल्या."

"आई, बघतेस ना ही काय करतेय?"

"बघतेय," सासूबाई म्हणाल्या. "चारातून एक गेला, तीन राहिले. हे मी तुला पहिलीत शिकवलंय."

"दादा!"

"कलमांत जेवणाचा उल्लेख नाही," दादा म्हणाला आणि ताटाकडे वळला.

दोन दिवस वरच्या खोलीतून करपल्याचा वास येत राहिला. मिक्सर चालवणाऱ्या माणसाला पीठ मळता येईल असा दिरांचा समज होता. पाण्याचं प्रमाण त्यांनी काँक्रीटचं धरलं. तिसऱ्या दिवशी वास थांबला आणि ते बाहेर खाऊ लागले. एकदा पोट बिघडलं. मग एका दुपारी, ताटं मांडायच्या वेळेला, ते जिना उतरून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"कुठे करायची सही?"

"आधी हात धुवा," ती म्हणाली आणि चौथं ताट मांडलं. जेवण होईपर्यंत तिने कागदाचा विषय काढला नाही. शेवटचा घास संपल्यावर मात्र ताट उचलायच्या आत पेन पुढे केलं.

"जिंकलात, वहिनी."

"पूर्ण नाव लिहा. आडनावासकट."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती कचेरीत बसली होती. साहेबांनी अर्ज वाचला, कलम एकोणीस वाचलं, परत अर्ज वाचला.

"बाई, हे कलम लाचखोरी होऊ नये म्हणून आहे."

"तसं त्यात लिहिलंय का?"

त्यांनी पुन्हा बघितलं. तसं लिहिलं नव्हतं.

"एक फरशी म्हणजे लाभ, असं तुमचं म्हणणं?"

"ठरावात लिहिलंय, साहेब. 'प्रत्येक नागरिकास शहरात पाय रोवण्यास हक्काचा एक चौरस फूट लाभेल.' तुमचाच शब्द आहे. आता आम्ही चौघांनी तो लाभ घेतला तर कलम मोडतं. आणि कलम मोडलं तर सही कोणाची आहे त्यावर?"

सही साहेबांची होती. त्यांनी चष्मा पुसला. खरं सांगायचं तर कित्येक दिवस त्यांचीही झोप उडाली होती. सभागृहाने एकमताने मंजूर केलेला ठराव भागाकारात नापास झाला, हे सभागृहाला कोणी सांगायचं?

"आणि कोणते चार, ते..."

तिने सह्यांचा कागद पुढे सरकवला. साहेबांनी चारही नावं मोठ्याने वाचली. आपल्या प्रश्नाला इतकं पूर्ण उत्तर त्यांना नोकरीत पहिल्यांदाच मिळत होतं. "यात हे 'मूळ संख्या' काय आहे?"

"ते राहू द्या. सासूबाईंची अट आहे."

साहेबांनी शिक्का मारला. शिक्का जरा तिरका पडला, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, म्हणून त्यांनी शेजारी दुसरा सरळ मारला.

पुढचं काम हे फक्त काम होतं. दोरी, पातळी, रबरी हातोडा. उन्हाचे दिवस होते; सकाळी लवकर सुरू करून दुपारी सावलीत बसायचं आणि पुन्हा उन्हं कलली की गुडघ्यावर यायचं. दीर दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी खालच्या थरासाठी मिक्सर आणला. मागितला नव्हता, तिने नकोही म्हटलं नाही. शेवटच्या ओळीतली शेवटची फरशी बसवायची वेळ आली तेव्हा तिने न बघताच मागे हात केला. "कटर दे."

गड्याने दिला नाही. "कशाला, वहिनी?"

कापायला काही नव्हतं. फरशी बोटाने ढकलली तशी आत सरकली आणि बसली. ती थोडा वेळ गुडघ्यांवर तशीच राहिली, हात रिकामा धरून. मग गुण्या काढून चारही कोपरे तपासून आली. ते छान होते. हवेशीर नव्हते.

उद्घाटनाच्या भाषणात अध्यक्षांनी एक लाख तीन नागरिकांच्या पावलांचा उल्लेख तीन वेळा केला. पहिल्या रांगेत सासूबाई प्रत्येक वेळी मान डोलावत होत्या. आकडा बरोबर होता. नंतर परिषदेने तो दाखला दिला. कंत्राटदार म्हणून तिच्या नावाचा तो पहिला कागद. नवऱ्याने तो चार वेळा वाचला आणि गिझरच्या वॉरंटीच्या फाइलमध्ये न ठेवता वेगळ्या फाइलमध्ये ठेवला.

फरश्या कारखान्याकडून राजपत्राप्रमाणे आल्या होत्या, म्हणजे एक लाख तीन. उरलेल्या चार ती गोदामात परत द्यायला गेली, तेव्हा गोदामवाल्याने घेतल्या नाहीत. चौकाच्या फरश्या परत घ्यायची सोय त्याच्या पुस्तकात नव्हती. तिने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "त्या आमच्या हिशेबात आता कुठेच नाहीत. तुम्हीच विल्हेवाट लावा."

त्या तिच्या न्हाणीघरात आहेत. दाराकडून पहिली सासूबाईंची, दुसरी नवऱ्याची, तिसरी तिची. चौथीचा कोपरा पाण्याच्या पाइपसाठी कापावा लागला. ती दिरांची आहे.